लवंगेचं पिंप

आमच्या घराला दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास येतो, हे आम्ही तिघं सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. फाटकावरून जाणारी माणसं नकळत गालावर हात ठेवायची. एक गृहस्थ तर सरळ व्हरांड्यात आले, खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि त्यांनी आ केला. मामाने हातातली कात्री बाजूला ठेवली, चष्मा लावला, आत नीट बघितलं आणि म्हणाला, "खालची, डावीकडची. पण इथे काकड्या मिळतात."

गृहस्थ उठले नाहीत. शेवटी मामाने कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून ते नेमाने येतात. रस्त्यापलीकडे त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान आहे, पण आम्ही त्यांना दाढवाले म्हणतो. ज्याला जगातलं कुठलंही कुलूप उघडता येतं त्याला दंतवैद्यासमोर तोंड उघडता येत नाही, या माझ्या विनोदावर मामी खूप हसायची. पुढे पुढे ती हसणं अर्ध्यावर सोडून द्यायला लागली. मला वाटलं, विनोद शिळा झाला. म्हणून मी तो जास्त वेळा सांगायला लागलो.

घरामागे आमचं काचघर आहे. लोखंडी सांगाडा, पाडलेल्या इमारतींच्या खिडक्यांमधून आणलेल्या काचा, आणि आत काकडीच्या वेली. प्रत्येक वेल वरच्या तारेवरून सोडलेल्या सुतळीवर चढवलेली. वेली चढवायचं काम मामीचं. ती शेंड्याला बोटाने वळण देते, बगलेतले फुटवे खुडते, आणि हे करताना त्यांच्याशी भांडते. तिने त्यांना नाती दिली आहेत. दारातली जाडजूड वेल म्हणजे सासूबाई, कारण त्यांना वळसा घातल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. नळाजवळची ती धाकटी जाऊ, सगळं आधी तिलाच मिळतं. आणि एक नणंद आहे. ती स्वतःची सुतळी सोडून कायम दुसऱ्याच्या सुतळीवर जाते. मामीची नणंद म्हणजे माझी आई. मी यावर कधी काही बोललो नाही. वेल खरोखरच तशी आहे.

काकडीचा वैरी म्हणजे भुरी. पानावर कुणीतरी पीठ चाळल्यासारखे पांढरे डाग पडतात, दोन-चार पानांवर असेपर्यंत माणूस दुर्लक्ष करतो, आणि मग एके दिवशी सगळं काचघर पीठगिरणीतून बाहेर आल्यासारखं दिसतं. ही बुरशी. मामा पूर्वी हिच्यावर गंधकाची भुकटी मारायचा. भुरी जायची. पण भुकटीबरोबर मामीचा श्वासही जायला लागला. एका सकाळी ती वेलींच्या दोन ओळींमध्ये बसून राहिली, ओठ निळे पडलेले, एका हातात नणंदेचा शेंडा तसाच धरलेला. डॉक्टर म्हणाले, गंधक किंवा या, दोघांपैकी एकाने काचघराबाहेर राहायचं. मामाने गंधकाचं पोतं उचलून बाहेर नेलं. "बुरशीनाशकं बाजारात ढिगाने मिळतात," तो म्हणाला. "वेल चढवणारी एकच आहे." मामाच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य. मामीने त्यावर विचारलं होतं, की वेल चढवणाऱ्याही ढिगाने मिळाल्या असत्या तर?

मग नैसर्गिक प्रयोग सुरू झाले. पाण्यात दूध मिसळून फवारलं, तेव्हा गल्लीतली सगळी मांजरं काचेला नाकं लावून बसली. लसणाचा अर्क फवारला, तेव्हा पाहुणे येणं बंद झालं, भुरी मात्र येत राहिली. शेवटी लवंगेचं आणि दालचिनीचं तेल, साबणाच्या कोमट पाण्यात. हे लागू पडलं. त्या तेलात जे झोंबणारं असतं ते बुरशीला जाळतं. अडचण एवढीच, की जास्त झालं तर ते पानालाही जाळतं. नैसर्गिक म्हणजे सौम्य, असं ज्याला वाटतं त्याने लवंगेच्या तेलाचा थेंब जिभेवर ठेवून बघावा. कमी घातलं तर भुरी अंघोळ करून ताजीतवानी होते, जास्त घातलं तर पान करपतं. मधली जागा अरुंद आहे.

ती जागा मामा नाकाने शोधायचा.

दर शनिवारी सकाळी मागच्या अंगणात निळं पिंप ठेवायचं, त्यात कोमट पाणी, साबण. मामी समोर उभी राहून लांब काठीने ढवळायची. मामा डब्यातून तेलाची बारीक धार सोडायचा, थांबायचा, डोळे मिटून पिंपावर वाकायचा, छाती भरून वास घ्यायचा, सरळ व्हायचा, डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "फिकं आहे." परत धार. परत वाकणं. मग कधीतरी, "बास." झालं. यात मापाचा संबंध नाही. मी शेतीची पदविका घेऊन आलो तेव्हा खुणा केलेलं काचेचं मापपात्र विकत आणलं होतं. पण तेलाचा प्रत्येक डबा वेगळा निघतो, एक जहाल, एक पुळचट, त्यामुळे माझ्या मापाने केलेल्या पाण्यात भुरीने फक्त हात-पाय धुतले. मामा मला एका शब्दानेही बोलला नाही. त्या मापपात्रात आता मामीचा टूथब्रश असतो.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना यंदा पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

आधी खालच्या पानांच्या, मग वरच्या. कडा वळायच्या, कुरकुरीत व्हायच्या, हात लावला की चुरा. मामाने चष्मा लावून पान उन्हात धरलं. "करपा आलाय," तो म्हणाला. करपा ही दुसरी बुरशी. तिच्यावर उपाय काय, तर तेल वाढवायचं. शनिवारी तेल वाढवलं. पुढच्या आठवड्यात कडा जास्त वळल्या. म्हणजे करपा चिवट आहे. परत वाढवलं. नणंदेची अर्ध्याहून जास्त पानं गेली, आणि ती नुसत्या काटक्यांवर दोन वाकड्या काकड्या धरून उभी राहिली. त्याही दुसऱ्याच्या सुतळीवर.

मामा जेवताना बोलेनासा झाला. एकदा मामी पाणी आणायला उठली तेव्हा तो हळूच मला म्हणाला, "हे जमलं नाही तर गंधक आणावं लागेल."

"आणि मामी?"

मामी तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला भरला तरी ओतत राहिली. तिने ऐकलं होतं. दोघांनीही ओल्या टेबलाकडे बघितलं आणि पुसायला मला सांगितलं.

त्याच आठवड्यात दाढवाले आले, पण फाटकाच्या आत येईनात.

"काय भाचे," ते गालावर हात ठेवून म्हणाले, "पिंप फुटलं की काय?"

"नाही. का?"

"काल मी दुकानात बसलो होतो, वारा इकडून होता. माझा खालचा ओठ बधीर झाला. गिऱ्हाईकाशी बोलताना लाळ गळली. त्याला वाटलं मला झटका आला, तो किल्ली तशीच टाकून डॉक्टर आणायला पळाला."

"कापूस देऊ?"

"कापूस कशाला आता? नुसता श्वास घेतला तरी पुरतंय." ते जरा पुढे झुकले. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा वास फाटकापर्यंत यायचा. आता रस्ता ओलांडतो. मामांना सांगा."

मी मागच्या अंगणात गेलो आणि रिकाम्या पिंपात डोकं घातलं. काही नाही. तेलाचा डबा उघडून नाकाला लावला. कुठेतरी लांब, शेजारच्या गावात कुणी तरी लवंग चावत असावं, इतपत. माझं नाक या घरात राहून मुरलं होतं. मग मामाचं, जो दर शनिवारी त्यात तोंड घालत आला होता, ते कसं काय शाबूत राहिलं?

हा प्रश्न कुणाला थेट विचारता येत नाही. मामाला तर नाहीच. एखाद्या गवयाला, तुम्ही बहिरे आहात का, असं विचारण्यासारखं ते आहे. आमच्या घरी मामाच्या नाकाचा मान होता. नातेवाईक तूप, अत्तर, भाड्याने घ्यायची खोली, सगळं त्याला हुंगायला द्यायचे. एका चुलत बहिणीने होणारा नवरासुद्धा आणला होता. मामाने त्याच्या पाठीवर हात टाकला, जवळ घेतला आणि चालेल म्हणून सांगितलं. संसार चांगला चालला आहे.

म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. शनिवारी लवकर उठून पिंपात कोमट पाणी आणि साबण घातला. तेल घातलंच नाही. मामा आला तेव्हा सांगितलं, "तेल मी घातलंय थोडं. बघ बरं, किती झालंय."

"मामीला बोलव," मामा म्हणाला.

मामी स्वयंपाकघरात कांदे चिरत होती. हाक मारल्यावर तशीच आली, डोळे लाल, गालावरून पाणी ओघळतंय, मनगटाने नाक पुसत तिने काठी हातात घेतली. मामा डोळे मिटून साबणाच्या पाण्यावर वाकला. छाती भरून वास घेतला. सरळ झाला. डोळे उघडले.

"बास बास," तो म्हणाला. "अरे, केवढं घातलंस. आज जास्तच झालंय. बादलीभर पाणी घाल."

"पाण्यात?"

"मग कशात?"

मी पाण्यात पाणी घातलं. ढवळायला सांगितलं, मामीने ढवळलं. मग आम्ही पंप लावून ते सगळ्या वेलींवर फवारलं. त्या आठवड्यात एकाही नव्या पानाची कड जळली नाही.

मामाला वास येत नाही, एवढं नक्की झालं. पण मला झोप येईना ती दुसऱ्याच गोष्टीने. वास येत नसेल तर त्याने नेहमीसारखं फिकं म्हणायला हवं होतं. जास्त झालंय, हे त्याने कुठून काढलं? मी ते सगळं डोळ्यांसमोर परत आणलं. वाकणं, वास, सरळ होणं, डोळे उघडणं. डोळे उघडल्यावर तो पिंपात बघत नव्हता. समोर बघत होता. समोर मामी होती, कांद्याचे डोळे घेऊन.

खात्री करायला मी सोमवारी, मामी बाजारात गेलेली असताना, तेलाचा डबा त्याच्यासमोर धरला. "मामा, हा नवा डबा जरा बघ ना. जहाल आहे की पुळचट?"

"ती कुठाय?"

"बाजारात."

"येऊ दे."

"वास तुला घ्यायचाय."

"येऊ दे म्हटलं ना." आणि तो उठून, चालत असलेला पंप दुरुस्त करायला गेला.

मंगळवारी मी मामीला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, मामी, मामाला वास येत नाही. तो तुझ्या डोळ्यांकडे बघतो. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं की बास म्हणतो. म्हणून तू समोर लागतेस.

मग तिने गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि बसली.

"म्हणजे माझ्या डोळ्यांना पाणी येईपर्यंत हे ओतत राहतात?"

"हो."

"अरे देवा," ती अगदी हळू म्हणाली. "आणि मी श्वास धरून उभी राहते."

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, एखाद्या कृतीची माहिती द्यावी तसं. लवंगेनेही तिला व्हायचं. पहिल्यापासूनच, गंधकाइतकं नाही, पण छाती आवळायची, डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा. हे मामाला कळलं तर तो तिला काचघरात पाऊल टाकू देणार नाही, म्हणून ती मागच्या दारातच मोठा श्वास घ्यायची आणि तो कोंडून पिंपासमोर जायची. चेहरा वाफेपासून जरा बाजूला, डोळे बारीक. आधी जमत नसे, डोळे भरून यायचे. मग सवयीने जमायला लागलं. यंदा तर छानच जमत होतं.

"मी श्वास धरायचे, म्हणून डोळे कोरडे," ती म्हणाली. "डोळे कोरडे, म्हणून हे ओतायचे."

"आणि तो ओतत राहायचा म्हणून तुला जास्त वेळ धरावा लागायचा."

"हो ना. मला वाटायचं, आज एवढा वेळ काय लावतायत. वय झालं, नाक मंद झालं असेल." ती थांबली. "माझ्याच हाताने जाळल्या रे मी त्या."

"हाताने नाही."

"तू गप्प बस."

मी गप्प बसलो. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण तू बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? काचेबाहेर खुर्ची. मी खुर्चीत बसून काचेतून बघणार, आणि तुम्ही दोघं आत माझ्या नणंदेला उलटी टांगून ठेवणार."

"ती माझी आई आहे."

"मी वेलीबद्दल बोलतेय."

"माहितेय. किती वेळ धरता येतो तुला श्वास?"

"आता बराच येतो. पोहण्याच्या शर्यतीत उतरले तर बक्षीस मिळेल, फक्त पोहता आलं पाहिजे." ती हसली, आणि ते हसणं मध्येच तुटलं, आणि या वेळी तिने आलेला खोकला गिळला नाही. एकदा सुरू झाला तो थांबेना. स्टुलाची कड धरून ती वाकली. मी पाणी दिलं, तिने नको म्हणून खूण केली. खोकला संपल्यावर एक बारीक शिट्टी वाजत राहिली, कुकरची असेल असं वाटून मी शेगडीकडे बघितलं. शेगडीवर काही नव्हतं.

माझे विनोद शिळे नव्हते. एवढं तरी कळलं. आनंद वगैरे झाला नाही.

"यांना तू काही सांगू नकोस," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या तोंडून गेलं की त्याची गंमत होते. मी बघते."

शनिवार आला. पिंप, कोमट पाणी, साबण, आणि या वेळी खरं तेल. मी बाजूला पंपाशी उगाचच खटपट करत उभा राहिलो. मामी मागच्या दारातून आली. दारात थांबली नाही. पिंपाशी येऊन काठी धरली आणि तोंड थेट वाफेवर आणलं.

मामाने धार सोडली. जेमतेम सुरू झाली असेल. तो वाकला, वास घेतला, सरळ झाला, डोळे उघडले, आणि धार त्याच्या हातातच थांबली. मामीच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. त्याच्याकडे बघत होती. मग खोकली.

मामाने डब्यात बघितलं. परत तिच्याकडे बघितलं.

"एवढ्यातच?"

"एवढ्यातच."

"मागच्या वेळी तर—"

"मागच्या वेळी कांदे होते. त्याच्या आधी मी श्वास घेत नव्हते."

मामा तसाच उभा राहिला. डबा तिरका झाला होता, मी जाऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने तो सोडला तेव्हा त्याला कळलंही नाही.

"श्वास घेत नव्हतीस म्हणजे?"

"म्हणजे घेत नव्हते. तुमच्या लवंगेनेही होतं मला. होतं ते दिसू नये म्हणून." तिने काठी पिंपाच्या कडेला टेकवली. "आणि तुम्हाला वास येत नाही."

मामाची नाकपुडी एकदा हलली, सवयीने.

"कधीपासून?" मामीने विचारलं.

"गंधक मारायचो ना, तेव्हाच कधीतरी. मला वाटलं सर्दी आहे."

"इतकी वर्षं सर्दी?"

"जाईल असं वाटलं."

"आणि तूप? अत्तर? तो नवरा हुंगला होतात तो?"

"तो चेहऱ्यावरून बरा वाटला," मामा म्हणाला.

एरवी मी यावर हसून लोळलो असतो. मामीही. पण मामाचा आवाज असा होता, की कुणी हसलं असतं तर तो तिथेच खाली बसला असता.

"मला सांगायचं नाही होय?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर मग किती ओतायचं ते कुणी ठरवलं असतं? याचं ते नळकांडं?" त्याने माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला. "जमलं नसतं. आणि नाही जमलं की परत गंधक. गंधक आलं की तू..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "तुझे डोळे चुकायचे नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं बघ, एक पान जळलं नाही. डोळे भरले की बास. मला तेवढं पुरायचं."

"म्हणजे माझ्या डोळ्यांत पाणी काढलं की तुमचं माप पूर्ण."

"तसं नाही गं."

"पूर्वी त्यासाठी तुम्हाला लवंग लागायची नाही," मामी म्हणाली.

पिंपातलं पाणी थंड होत होतं. मी तिथे नसतो तर बरं झालं असतं, पण माझ्या हातात डबा होता आणि तो कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

शेवटी मामीनेच नाक शिंकरून रस्ता काढला. "नाक नको आणि डोळेही नकोत. एका पानावर मारा आणि उद्यापर्यंत थांबा. जळलं तर पाणी वाढवा. नाही जळलं तर चालू द्या."

"कुठल्या पानावर?"

"सासूबाईंच्या. त्या जे असेल ते तोंडावर सांगतात."

सासूबाईंच्या एका खालच्या पानावर मामाने फवारा मारला. दुसऱ्या दिवशी पान हिरवंगार होतं, आणि त्याच्यावरची भुरी काळवंडून गेली होती. इतकं थोडं तेल पुरत होतं. आम्ही मधल्या काळात जेवढं ओतलं त्यात रस्त्यापलीकडच्या सगळ्या दाढा बऱ्या झाल्या असत्या. त्या आठवड्यात दाढवाले फाटकाच्या आत आले, इकडे तिकडे हुंगलं आणि तक्रार केली, की हल्ली मालात दम राहिला नाही.

वेली वाचतील. मामाने ते मला सांगितलं, मामीला नाही. तिला त्याने वेगळंच सांगितलं. ती सासूबाईंपाशी उभी राहून त्या पानाकडे बघत होती, आणि तो तिच्या मागे काही अंतरावर थांबला.

"फवारायचं असेल तेव्हा तू बाहेर थांब."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बघू."

"तुमचं बघू मला माहितेय. डॉक्टरांना विचाराल. ते म्हणतील, आठवडाभर नको. आठवड्याने परत शनिवार."

ते बरोबर होतं. वास पानांवर राहतो, सुतळीत राहतो, काचांच्या सांध्यांत राहतो. आम्हाला तिघांनाही तो येत नाही, पण तिच्या छातीला येतो.

मामीने पदराने नाही, हातानेच चेहरा पुसला आणि नणंदेकडे गेली. शेजारच्या सुतळीवर गेलेला तिचा शेंडा सोडवला, परत तिच्या स्वतःच्या सुतळीला गुंडाळला. "राहा जरा आपल्या घरात," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावलं. शेंडा कसा वळवायचा, कुठला फुटवा खुडायचा आणि कुठला ठेवायचा, हे तिने मला कधी शिकवलं नव्हतं. त्या दुपारी शिकवलं. प्रत्येक वेलीपाशी थांबून, कोण कशी आहे हे सांगत. मी दोन शेंडे मोडले. ती ओरडली नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

त्यानंतरच्या शनिवारी काचघराबाहेर खुर्ची ठेवली. मामी स्वतः घेऊन आली, आतली कोणती ओळ दिसते ते बघत तिने ती दोनदा सरकवली, आणि बसली. मामा आत, पिंपाला जोडलेल्या पंपाशी, मी नळी धरून. पाणी कोमट होतं, आत उबारा होता, काचा धुरकटून गेल्या होत्या. बाहेर ती होती एवढंच कळत होतं, एक आकार.

मामाने कॉकवर हात ठेवला. आणि मग, इतकी वर्षं केलं तसं, डोळे मिटून पिंपावर वाकला, छाती भरून वास घेतला, सरळ झाला, डोळे उघडले आणि समोर बघितलं. समोर धुरकट काच.

बाहेरचा आकार उठला. काचेजवळ आला. पदराने काच पुसायला लागला. वाफ आतून होती. ती बाहेरून पुसत राहिली, आधी हळू, मग जोरात, मग परत हळू.

मी आतून पुसायला हात उचलला.

"राहू दे," मामा म्हणाला. "तिचे डोळे दिसले तर बास म्हणावं लागेल."

आणि त्याने कॉक उघडला.